चार अर्धी ताटं

"तुम्ही खोटं बोलता. पत्राच्या पहिल्याच ओळीत खोटं बोलता. 'आम्हाला आपल्या कुटुंबाची काळजी वाटते.' कधीपासून? खाण बंद केलीत तेव्हा वाटली नाही. शाळेमागचं मैदान विकलंत तेव्हा वाटली नाही. पोहायच्या तलावाच्या दाराला फळ्या ठोकल्यात, तेव्हा कुठं गेली होती काळजी? आमच्या रस्त्यावर एक दुकान उरलंय. तिथं सफरचंद एकेक मोजून विकतात आणि बिस्किटांच्या दोन पुड्यांवर एक फुकट देतात. ते चालतं तुम्हाला. आणि आता दहा वर्षांच्या पोरीला बूट काढून काट्यावर उभी करता, आणि वर आम्हालाच विचारता, जबाबदारी कोणाची?"

डेलिथ हे सगळं बटाटे सोलता सोलता बोलत होती. आईच्या स्वयंपाकघरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. पत्र ज्या ऑफिसातून आलं होतं, तिथं उद्या सोमवारी सकाळी दहाला हेच तिला बोलायचं होतं. टेबलाच्या त्या बाजूला पाच-सहा जण बसणार होते. शाळेची बाई, नर्स, सोशल वर्कर, आणि कोण कोण. तिच्या नातीचं, कादीचं, वजन फार वाढलं होतं; ती घरी राहणार की परक्या घरी ठेवायची, हे ते ठरवणार होते. पलीकडच्या दरीतल्या एका पोराला असंच नेलं होतं. त्याची आई अजून बस स्टॉपवर भेटते आणि हवापाण्याचं बोलते.

भाषण तोंडपाठ झालं होतं. पण डेलिथला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. गुरुवारी ती मुद्दाम त्या ऑफिसात जाऊन खोली बघून आली होती. तिथल्या सगळ्या खुर्च्यांना हात होते. हात असलेल्या खुर्चीत डेलिथ मावत नाही. मावली तर उठताना खुर्ची बरोबर येते. म्हणजे उभं राहायचं. आणि एकशे तीस किलोची बाई टेबलासमोर उभी राहून ओरडायला लागली, तर ते काय लिहून घेतील हे तिला न सांगता कळत होतं.

हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

"कोणाशी बोलतेयस?" आयर्लिस आत आली. सत्त्याहत्तर वर्षांची, काडीसारखी. या घरात बारीक असलेली ती एकटीच, आणि सगळ्यांना वाढणारीही तीच.

"उद्याची तयारी करतेय, आई."

"बटाटे जाड सोलतेयस. निम्मा बटाटा सालीत चाललाय."

"मग बरंच की. अर्धं करा म्हणूनच सांगितलंय ना त्या बाईंनी."

आयर्लिस हसली नाही. तिनं डेलिथच्या समोरची सालं उचलली, उजेडाशी धरून बघितली आणि परत पातेल्यात टाकली.

*

रविवारचं जेवण आयर्लिसच्या घरी, चार नंबरला, हे इडवाल जिवंत होता तेव्हापासूनचं. इडवाल गेला त्याला एकवीस वर्षं झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शवपेटीला खांदा द्यायला सहा माणसं लागतात, त्याला आठ लागली होती. तेव्हा त्यातल्या एकानं, त्याच्या बरोबर खाणीत उतरणाऱ्यानंच, चर्चच्या पायरीवर दम खात म्हटलं होतं, "इडवाल, लेका, शेवटच्या दिवशी तरी जरा हलका हो." सगळे हसले होते. आयर्लिससुद्धा. आज तिला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

टेबलाशी पाच जण होते. डेलिथ. तिचा धाकटा भाऊ गेथिन, बेकरीची गाडी चालवणारा, ज्याच्या डाव्या पायाची दोन बोटं मागच्या हिवाळ्यात साखरेनं नेली. डेलिथची मुलगी शॉनेड, वृद्धाश्रमात दुपारी बारा ते रात्री आठ राबणारी. शॉनेडची मुलगी कादी. आणि आयर्लिस, जी बसत कमी आणि उठत जास्त होती.

सगळे एकाच रस्त्यावर राहायचे. चार नंबर, नऊ नंबर, पंधरा, बावीस. चढावरची एकाला एक चिकटलेली घरं. शाळा खालच्या टोकाला.

जेवण सोशल वर्कर बाईंनी दिलेल्या आहाराच्या पत्रकाप्रमाणे केलेलं होतं. मेंढीच्या मांसाची चरबी काढलेली, ग्रेव्ही पातळ, बटाटे भाजण्याऐवजी उकडलेले. गेथिननं एक बटाटा काट्यावर धरून फिरवून बघितला.

"आई, हा आजारी आहे का?"

"गप खा."

"नाही, मी हॉस्पिटलात होतो तेव्हा माझ्या शेजारी असाच एक होता."

कादी खुदकन हसली आणि लगेच आईकडं बघून थांबली. हल्ली ती प्रत्येक गोष्टीनंतर कोणाच्या तरी तोंडाकडं बघायची. तिनं ताटातलं सगळं संपवलं. वाटाण्याचा एक दाणाही ठेवला नाही. मग पुढच्या खोलीत टीव्ही बघायला गेली.

दार लागल्यावर शॉनेडनं पिशवीतून कोरे कागद काढले.

"वह्या द्या सगळ्यांनी."

तीन महिन्यांपूर्वी सोशल वर्कर बाईंनी चारही घरांत एकेक वही वाटली होती. पोर तुमच्याकडं काय खाते ते प्रामाणिकपणे लिहा. ताटात वाढाल त्याच्या अर्धं वाढा. उद्या चारही वह्या द्यायच्या होत्या.

"द्यायच्यात तर उद्या देऊ की," डेलिथ म्हणाली. "आत्ता कशाला?"

"मामाचं अक्षर बघितलंयस का? डॉक्टरलाही लागायचं नाही. मी एका कागदावर नीट उतरवते. बघू दे त्यांना. आपण किती पाळलंय ते एका नजरेत दिसू दे."

शॉनेडला खरोखर तसंच वाटत होतं. तीन महिने तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात जीव मारून अर्ध्याचं अर्धं केलं होतं, आणि तरी पोरीचं वजन चार किलो वाढलं होतं. एकाहत्तर किलो झालं होतं. हे काहीतरी दुखणं असणार, ग्रंथीचं, रक्ताचं, कशाचं तरी. वह्या बघितल्यावर त्यांनाही पटेल. तिची सगळी आशा त्या वह्यांवर होती.

वह्या पुढं आल्या. प्रत्येकानं आपली वही देताना जरा छाती पुढं काढली. डेलिथ म्हणाली, "माझ्यात बघ, चिप्ससुद्धा मोजलेत. पाच. सहावा नाही."

शॉनेड लिहायला लागली. मंगळवार. मोठ्यानं वाचत.

"साडेतीन. नॅन. मटणाची पाई, अर्धा तुकडा. दूध."

"शाळेतून येते पोर," नॅन, म्हणजे आयर्लिस, म्हणाली. "माझंच दार पहिलं लागतं."

"सव्वाचार. गेथिनमामा. मांस भरलेली पेस्टी, अर्धी. एक आयसिंगचा बन... अर्धा."

"उरलेला माल गं तो. टाकून द्यायचा का? अर्धा मी खाल्ला."

"तू खाल्लास?" डेलिथनं विचारलं. "बोटं उरलीयत का अजून?"

"आठ आहेत. पुरतील."

"साडेपाच. आई. माशाचे तुकडे दोन, चिप्स पाच, बीन्स." शॉनेडचा आवाज इथं जरा हळू झाला. "सव्वाआठ. घरी. पास्ता, अर्धी ताटली."

तिनं बुधवार घेतला. साडेतीन. सव्वाचार. साडेपाच. सव्वाआठ. गुरुवार घेतला. शुक्रवारी तिनं वाचणं बंद केलं, नुसती लिहीत राहिली. शनिवारपर्यंत पेनही थांबलं.

गेथिन म्हणाला, "राणीसारखी जेवते की लेकाची." म्हणून झाल्यावर त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. तो खाली बघायला लागला.

चार अर्धी ताटं. कागदावर ती एकाखाली एक होती. लपवलेलं काही नव्हतं. चारही वह्या खऱ्या होत्या, शब्दन् शब्द खऱ्या. आणि चौघांनी मिळून पोरीला रोज रात्रीची दोन पुरी जेवणं घातली होती, तीही डाएट म्हणून.

*

"आई, तू म्हणाली होतीस बिस्कीट देते." डेलिथनं पहिला दगड मारला. "चहा-बिस्कीट. मला तू तोंडानं सांगितलंयस."

"बिस्कीट वाईट म्हणाली ती बाई. म्हणून जेवण दिलं. नीट, घरचं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू सांगितलंस मला, तू काय घालतेस ते?"

"सव्वाचारला कोण पेस्टी खायला घालतं?" डेलिथ गेथिनकडं वळली.

"ती भुकेली असते."

"पाई खाऊन?"

"मला काय ठाऊक पाई खाल्लीय? मी विचारतो रोज. खाल्लंस का काही? ती म्हणते, नाही."

डेलिथ थांबली. मग हळूच म्हणाली, "मलाही नाहीच म्हणते."

तिघांनी शॉनेडकडं बघितलं. शॉनेड उत्तर द्यायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर ते आलं होतं. सव्वाआठला दार उघडताना तीही तेच विचारायची. रोज. पोर दारातच म्हणायची, नाही, काही नाही खाल्लं. आणि शॉनेडला मनातून आईचा राग यायचा, की पोरीला उपाशी ठेवते.

"म्हणजे पोरगी खोटं बोलते," डेलिथ म्हणाली. तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, ते शॉनेडला ऐकू आलं आणि सहन झालं नाही.

"कादी. इकडं ये."

कादी आली. दारात उभी राहिली. चौघांची तोंडं तिनं एकेक करून बघितली आणि कोणतं जास्त रागावलंय ते ठरवलं.

"तू नॅनकडं खाऊन येतेस आणि मामाला सांगतेस खाल्लं नाही म्हणून. का?"

"नॅननंच सांगितलंय."

"मी?" आयर्लिस म्हणाली. "मी कधी सांगितलं?"

"तू म्हणतेस ना. खाल्लंय म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो. तो उपाशी असतो आणि दुसऱ्यासाठी सांगत नाही." कादी पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत होती. "मी एकदा म्हटलं होतं आजीला, खाल्लंय मी. ती म्हणाली, म्हणजे माझ्या हातचं नको का तुला? मग ती रडली."

डेलिथनं तोंडावर हात ठेवला. तिला तो दिवस आठवत होता. रडली होती ती, पण दुसऱ्याच कशासाठी. पोरीला कसं कळणार?

आयर्लिस खुर्चीत बसली. जेवणाच्या टेबलाशी ती त्या दिवशी पहिल्यांदाच टेकून बसली.

ते खाणीच्या वर्षभराच्या संपाचं होतं. डेलिथ चौदाची, गेथिन दहाचा, आजच्या कादीएवढा. पगार नाही, कोळसा नाही. आयर्लिस दिवसभर युनियनच्या हॉलमध्ये दोनशे माणसांसाठी सूप ढवळायची आणि घरी येऊन उरलंसुरलं चौघांत वाटायची. इडवाल रोज संध्याकाळी दारातून आत येताना म्हणायचा, "मी खाल्लंय. हॉलमध्ये खाल्लं. पोरांना वाढ." तिनं विश्वास ठेवला. आठ आठवडे ठेवला. हॉलमध्ये तीच वाढत होती, आणि आपल्या नवऱ्याच्या हातात आपण वाटी दिली का, हे तिनं एकदाही मनाशी मोजलं नाही. मग एका सकाळी तो खाणीच्या फाटकाशी कोसळला. डॉक्टरनं सदरा वर केला आणि तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनंच त्याला कुलूप लावून ठेवलं होतं.

त्यानंतर या घरात "खाल्लंय" या शब्दाला किंमत उरली नाही. कोणी म्हटलं की आयर्लिस ताट पुढं सारायची. इडवालच्या पुढं तर सोळा वर्षं सारलं. तो मरेपर्यंत.

"मी पोरांना शिकवलं ते," ती म्हणाली. "डेलिथला. गेथिनला. बरं केलं असं वाटत होतं मला."

"मला आठवतं," गेथिन म्हणाला. "बाबा खाल्लंय म्हणायचे आणि मी त्यांचं ताट ओढून घ्यायचो. मला ठाऊक होतं ते खोटं बोलतायत. तरी ओढायचो." "म्हणून मी कोणाला नाही म्हणू देत नाही."

शॉनेडनं कादीला परत पुढच्या खोलीत पाठवलं.

*

"हा कागद जाळायचा," गेथिन म्हणाला. "आणि तीन वह्याही. फक्त डेलिथची द्यायची. पाच चिप्स. कोण काय बोलणार आहे त्यावर?"

"बरोबर," डेलिथ लगेच म्हणाली. मघाशी त्याच्या अंगावर जात होती, आता त्याच्या बाजूला जाऊन बसली. "आणि आजपासून फक्त माझ्याकडं. आई नाही, तू नाही. झालं. त्यांना कळायचं कारणच नाही."

"आणि त्यांनी विचारलं, पाच चिप्सवर चार किलो कशी वाढली?" शॉनेड म्हणाली.

"ते त्यांनी शोधावं. डॉक्टर तेच आहेत ना?"

"ते सुया टोचत शोधत बसतील, आई. आणि तोवर?" शॉनेडचा आवाज चढला नाही, उलट बसला. "झोपेत श्वास थांबतो तिचा. मोजलाय मी. अकरा सेकंद. परवा चौदा. चौदापर्यंत मोजलंयस तू कधी, कोणी श्वास घेत नसताना? तेरा म्हणायला जीभ उचलत नाही."



"हा कागद नेला तर ते तिला नेतील," डेलिथ म्हणाली. "म्हणतील चार घरं मिळून पोर मारतायत."

"नेतील कदाचित. आणि नाही नेला तर?" शॉनेडनं उद्या भरून द्यायच्या अर्जाचं पान पुढं केलं. शेवटच्या चौकटीवर तिनं बोट ठेवलं. मुलीच्या आहाराची जबाबदारी कोणाची. एकच नाव लिहा. "यात काय लिहू? एकच नाव मावतं इथं."

"माझं लिही," आयर्लिस म्हणाली. "म्हातारी आहे. मला काय करणार आहेत? मला कुठं नेणार?"

"तुला नाही नेणार, नॅन. ते लिहितील, पोरीनं चार नंबरात पाऊल टाकायचं नाही. मग ती रोज साडेतीनला तुझ्या दारावरून जाईल आणि तू खिडकीतून बघशील. चालेल?"

आयर्लिसच्या हातांनी टेबलावरचा पुसायचा फडका घडी करायला घेतला. उलगडला. परत घडी केली.

"आई, तू तरी सांग," शॉनेड डेलिथकडं वळली. "तीन आठवडे भाषण घोकतेयस. उद्या त्यांना हे सांगशील का? जसं झालं तसं? आजोबांचं, संपाचं, खाल्लंय म्हणायची चोरी आहे आपल्यात, ते? माझ्यानं नाही बोलवणार. मी रडेन आणि ते लिहून घेतील, आईची मनःस्थिती ठीक नाही."

डेलिथ खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी उद्या येत नाहीये."

"काय?"

"येत नाही. जमणार नाही."

"का?"

मग डेलिथनं खुर्च्यांचं सांगितलं. अगदी थोडक्यात, दुकानातला भाव सांगावा तसं. आपल्या आईकडं न बघता, भावाकडं न बघता. शॉनेडला वाटलं आपल्याला राग यायला हवा. तिची पोर चालली होती आणि तिची आई खुर्चीचं बोलत होती. पण राग आला नाही. तिला एकदम कादी दिसली, आज डेलिथ आहे तशी बावन्न वर्षांची, कोणत्यातरी ऑफिसात आदल्या दिवशी जाऊन खुर्च्या बघून येणारी.

"माझ्या गाडीत स्टूल आहे," गेथिन म्हणाला. "बेकरीचं. लोखंडी. माझं वजन पेलतं म्हणजे बघ. ट्रेसकट उचलून आत नेतो. कोणी विचारलं तर सांगू पाव द्यायला आलोय."

डेलिथला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं. ती ओढणीसारखा मफलर तोंडाशी धरून बसली. "गाढवा," ती म्हणाली. "आण तुझं स्टूल."

"कागद न्यायचा?" शॉनेडनं विचारलं.

कोणी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. शॉनेडनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. चौकट कोरीच होती.

*

ओव्हनमध्ये खीर होती. रविवारी असायचीच. तांदळाची, वरून जायफळ किसलेली, तास-दोन तास मंद आचेवर भाजून तपकिरी साय धरलेली. पत्रकात ती नव्हती. आयर्लिसनं सकाळी सवयीनं लावली होती आणि आता वासानं सगळ्यांना आठवण झाली. बंद कर म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

वासाबरोबर कादीही आली आणि आपल्या जागी बसली.

आयर्लिसनं भांडं टेबलावर ठेवलं. वरची साय नेहमी कादीला. चमच्यानं ती कडेनं सोडवून घेतली, उचलली आणि तिचा हात हवेतच थांबला. इतक्या वर्षांत तिनं एक प्रश्न लाखो वेळा विचारला होता, खाल्लंस का, आणि त्याचं उत्तर एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. उत्तर येण्याआधीच ताट भरलेलं असायचं.

तिनं चमचा भांड्यात परत ठेवला.

"कादी. तुला अजून भूक आहे का?"

कादीनं आईकडं बघितलं. शॉनेडच्या चेहऱ्यावर काही सापडेना. तिनं आजीकडं बघितलं, डेलिथचे डोळे लाल होते. मामाकडं बघितलं, तो खिरीकडं बघत होता. मग परत नॅनकडं.

"हो?" ती म्हणाली. कोणाचाही चेहरा बदलला नाही. "नाही?"

"आमची तोंडं बघून नको सांगूस," आयर्लिस म्हणाली. "हो म्हणालीस तर कोणी रागावणार नाही. नाही म्हणालीस तर कोणी रडणार नाही. उद्या त्या बाई तुला वेगळं बसवून हेच विचारतील, तेव्हा आमच्यातलं कोणी समोर नसेल. तुझ्या पोटाला विचार आणि सांग."

कादीनं खाली स्वतःच्या पोटाकडं बघितलं. दोन्ही हात त्यावर ठेवले. बराच वेळ ती तशीच बसली, कपाळाला आठ्या घालून, शाळेत न शिकवलेलं गणित समोर आल्यासारखी. श्वाससुद्धा धरला होता तिनं. शॉनेडनं नकळत मोजायला सुरुवात केली.

मग कादीनं मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोटाला कसं विचारतात, नॅन?"

आयर्लिसनं डेलिथकडं बघितलं. डेलिथनं गेथिनकडं.

"तुम्हाला येत असेल ना," कादी म्हणाली. "कोणीतरी सांगा. उद्याच्या आत सांगा मला."